महालक्ष्म्या मुक्कामाला, खोली नंबर दोन

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

सकाळी मंदिरामागच्या दोन्ही खोल्या धुतल्या. खोली १ मध्ये कालपासून भंडाऱ्याच्या चार मुली आहेत, नर्सिंगच्या परीक्षेला आलेल्या. खोली २ रिकामी, तिथे नवी सतरंजी टाकली. मुलींपैकी एकीने परत विचारलं, "काका, खरंच भाडं नाही?" म्हटलं, नाही. सकाळच्या आरतीला यायचं, एवढंच भाडं. ती बघतच राहिली. हा चेहरा पाहायला मला फार आवडतं, खोटं कशाला लिहू.

हिंगणा रोडवर लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्या, शेकड्यांनी असतील. प्रत्येकात एक मंदिर, त्यासमोर चार बाक, झालं. मंदिरामागे मुक्कामाच्या खोल्या, त्यातल्या एकीत कमोड आणि धरायला दांडी, हे फक्त आमच्याकडे. कंपनीतून रिटायर झालो तेव्हापासून चाव्या माझ्याकडे. आजपर्यंत एकही माणूस या दारातून परत गेलेला नाही. हे वाक्य मी दिवसातून दोनदा म्हणतो असं सौ. चं म्हणणं आहे.

संध्याकाळी शोभाताई हेडाऊ आल्या. पायरीवर बसल्या. त्यांचं घर पाडलंय, नवं बांधताहेत, स्लॅब अजून व्हायचा आहे. तोवर मुलाबरोबर तिसऱ्या मजल्यावर भाड्याने. घरमालक म्हणाला, गौरी-महालक्ष्म्या बसवायच्या नाहीत, शंभर माणसं जिना चढतील ते चालणार नाही. लग्न होऊन आल्या त्या सालापासून त्यांच्या महालक्ष्म्यांना खंड नाही. नवरा गेला त्या वर्षीही दिराच्या हातून बसवल्या.

"मागायले नाई आली, विचारायले आली," म्हणाल्या. बाई ताठ आहे.

मी जागेवर हो म्हणालो. खोली २.

घरी आल्यावर सौ.: "कमिटीले विचारलं का?"

"कमिटी म्हणजे कोण? मीच ना."

"अध्यक्ष झाडे साहेब हायेत. तुमी चाव्या ठेवणारे."

बैलांना पुरणपोळी खाऊ घालून आलेला माणूस, त्याच्याशी असं बोलतात का?

२४ ऑगस्ट, रवि.

झाडे साहेबांना सांगितलं. सिंचन खात्यातले इंजिनिअर होते, कुठल्याही गोष्टीत आधी भेग शोधतात. शोधली, सापडली नाही, हो म्हणाले.

दुपारी फोन. सावनेरकडच्या एका गावाहून गजानन म्हणून शेतकरी. आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं इथल्या मोठ्या दवाखान्यात. १ तारखेला सुट्टी, पण डॉक्टर म्हणाले आठवडाभर जवळच राहा, ड्रेसिंगला यावं लागेल. तळमजला हवा, कमोड हवा.

"लॉजवाले म्हंतेत लिफ्ट नाई. तुमचं नाव एका वॉर्डबॉयनं सांगतलं जी."

वॉर्डबॉयपर्यंत नाव पोचलं आहे! छाती फुगली. म्हटलं, १ तारखेला संध्याकाळी या, खोली तुमची.

मनात हिशोब केला होता. गणपती २७ ला. मागल्या वर्षी गणपतीनंतर तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या आल्या होत्या, म्हणजे ३० ला येतील, ३१ ला जेवतील, १ ला दुपारी निरोप. संध्याकाळी खोली धुऊन तयार. सौ. म्हणाली, "क्यालेंडर तं पाहा." म्हटलं, सहासष्ट वर्षांच्या महालक्ष्म्या पाहिल्यात मी, मला कॅलेंडर दाखवतेस?

२७ ऑगस्ट, बुध. गणेश चतुर्थी.

मंदिरात गणपती बसला. झांजांनी कान बसले. परीक्षेच्या मुली पुस्तक हातात धरून आरतीला उभ्या.

उमरेडच्या चुलतभावाकडून सूत आणवलं. महालक्ष्मीच्या दोऱ्यासाठी. तिसऱ्या दिवशी बाया सोळा पदरी दोरा हळदीत बुडवून, गाठी मारून गळ्यात घालतात. दुकानात तयार मिळतो, पण आम्ही कोष्टी. विणणं सुटलं, माग भंगारात गेला, मी बेअरिंगच्या मशीनवर तीस वर्षं काढली, तरी दोऱ्याचं सूत दुकानातून आणायचं म्हणजे लाज वाटते. शोभाताईंनी सूत बोटांत धरून पाहिलं. काही बोलल्या नाहीत. याचा अर्थ चांगलं आहे.

३० ऑगस्ट, शनि.

सकाळी आठ वाजता खोली उघडून, फुलांची माळ दारावर लावून उभा. नऊ झाले. शोभाताई नाहीत. फोन केला.

"ताई, निघाल्या ना?"

"कुठी?"

"महालक्ष्म्या घेऊन."

"आज कायच्या? उद्या अनुराधा नक्षत्र हाय. उद्या येतेत त्या. मंगळवारी जातेत." मग हसल्या. "परातेजी, क्यालेंडर नाई का घरी?"

मंगळवार म्हणजे २ तारीख. सोमवारी १ तारखेला, त्यांच्या जेवणाच्या दिवशी, गजानन आईला घेऊन येणार.

मंदिराच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं आहे. त्याच्यासमोर उभं राहून मी रोज आरती म्हणतो. ३१ च्या चौकोनात महालक्ष्मीचं चित्र आहे, एवढं मोठं. आता काय लिहू.

एकदा बसलेल्या महालक्ष्म्या मूळ नक्षत्राआधी हलवता येत नाहीत. खोली १ मध्ये चार मुली, त्यांची परीक्षा मंगळवारपर्यंत, शिवाय तिथे कमोड नाही. माझं घर वरच्या मजल्यावर, खाली भाडेकरू. गजाननला फोन लावला. रिंग गेली. मी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. "नाही" हा शब्द या दारावरून मी कधी बोललो नाही, आणि आज तो माझ्याच चुकीमुळे बोलायचा, तर तोंड उघडेना.

सौ. ला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही, त्याने जास्त घाबरलो.

"शोभाताईले तुमीच सांगा. मी नाई सांगत."

३१ ऑगस्ट, रवि. महालक्ष्म्या आल्या.

नाही सांगितलं. कसं सांगणार? त्या मुखवटे पदराखाली घेऊन पायी आल्या, पाठीमागे लेआउटमधल्या बाया. रस्त्यापासून खोली २ पर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढलेली. परीक्षेच्या मुली थाळ्या वाजवत होत्या, एकीने तर पावलंही काढली. उंबरठ्यात सौ. ने विचारलं, "महालक्ष्मी कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं."

"कशाच्या पावलानं आली?"

"हळदीकुंकवाच्या पावलानं. लेकराबाळाच्या पावलानं."

खोलीच्या चार कोपऱ्यांत मुखवटे दाखवून आणले. न्हाणीघरही दाखवलं. शोभाताई म्हणाल्या, घरात सगळं दाखवायचं असतं, त्यांना कळायला नको कुठे काय आहे? कमोडसुद्धा दाखवला. बाया हसल्या, शोभाताई नाही हसल्या.

मग धडासाठीच्या लोखंडी कोठ्यांना साड्या नेसवल्या, वर मुखवटे बसवले. एक हिरवी, एक जांभळी. वर फुलोरा टांगला, करंज्या, पापड्या, वेणी. मुक्कामाची खोली ओळखू येईना. डोळे भरून आले माझे. आपल्या लेआउटमध्ये हे होतंय. आणि उद्या गजाननची गाडी.

१ सप्टेंबर, सोम. जेवण.

हात दुखतोय वाढून वाढून, तरी सगळं लिहून ठेवतो.

सकाळपासून मंदिराच्या शेडमध्ये पंगती. पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या. अख्खं लेआउट जेवलं. ज्यांच्याशी आमचं पार्किंगवरून भांडण आहे तेही जेवले. झाडे साहेब दोनदा आंबील मागून.

चारच्या सुमाराला शेवटची पंगत बसली होती आणि दवाखान्याची गाडी फाटकाशी थांबली. गजानन उतरला. मागे व्हीलचेअरवर म्हातारी, अंजनाबाई. अंगावर दवाखान्याचा वास, मांडीला पट्टी, डोक्यावरून पदर. गजाननचा चेहरा इतका निर्धास्त होता की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याला बाजूला घेतलं. सांगितलं, चूक माझी, तारखेत घोळ झाला, खोलीत महालक्ष्म्या बसल्या आहेत, उद्यापर्यंत हलवता येत नाहीत. माझं घर वर आहे, आपण चौघं मिळून खुर्चीसकट उचलून नेऊ.

तो म्हणाला, "डॉक्टर म्हनले पाय बिलकुल हलवू नोका. जिन्यावर कसं जमन जी?"

झाडे साहेब आले. शेडमध्ये पलंग टाकू म्हणाले. शेडला तिन्ही बाजू उघड्या, पाऊस कधीही. शिवाय कमोड?

एवढ्यात शोभाताई बाहेर आल्या, पदर खोचलेला, हात पुरणाने भरलेले. "काय झालं?" मग मीच बोललो. सगळं. आठ दिवसांपासून दोघांना एकच खोली दिली होती ते, आणि परवा कळूनही गप्प राहिलो तेही.

पंगतीतले लोक जेवायचे थांबले होते. शोभाताई माझ्याकडे बघत होत्या. सोवळ्याच्या बाबतीत त्यांच्याइतकी कडक बाई लेआउटमध्ये नाही, उंबरठ्याबाहेर चप्पल वाकडी पडली तरी बोलतात.

"परातेजी, तुमाले अक्कल कवा येईन?"

मग त्या गजाननच्या आईकडे वळल्या. "बाई, या आत."

आणि इथे कोणालाच वाटलं नव्हतं ते झालं. म्हातारी नाही म्हणाली.

"नाई माय. दवाखान्यातून आली मी. पट्ट्या बांधल्या हायेत, चार दिवसांपासून आंघोळ नाई. थ्या बसल्या हायेत आतमंदी. मी नाई येत. मले हितंच खाट टाकून द्या झाडाखाली."

"पाऊस येऊन राहिला."

"येऊ द्या."

"अवं, थंडी लागन तुले."

"लागू दे. मी पाप नाई घेत."

दोघी बाया, दोघी हट्टी. गजानन मध्ये उभा. मला वाटलं आता संपलं. माणूस दारातून परत जाण्याऐवजी दारातच अडकलं.

शोभाताईंनी पुरणाचे हात पदराला पुसले. असा पदर त्या कधी खराब करत नाहीत. व्हीलचेअरची मूठ धरली आणि म्हणाल्या, "दोन बाया आल्या हायेत माह्याकडे माहेरपनाले. तिसरी आली तं मी काय तिले अंगनात झोपवू? माहेरी कोनी आंघोळ करून येते का वं? आल्यावर करते."

अंजनाबाईंनी पदर तोंडाला लावला. शोभाताईंनी खुर्ची स्वतः ढकलली, हळदीकुंकवाच्या पावलांच्या बाजूबाजूने, एकही न पुसता.

मला रडू आलं. सगळ्यांसमोर. लपवलं नाही.

त्यानंतर जे झालं ते मात्र लिहायलाच हवं. खाट कशी टाकायची? महालक्ष्म्यांकडे पाय करायचे नाहीत. दक्षिणेकडे पाय नकोत. ऑपरेशनची बाजू भिंतीला नको, न्हाणीघर उजव्या हाताला हवं. खाट चार वेळा फिरवली. झाडे साहेबांनी मोबाईलमध्ये होकायंत्र काढलं. परीक्षेच्या मुलींनी पेशंट कुशीवर कसा वळवायचा ते पुस्तकातलं सांगितलं. शेवटी अंजनाबाईच कंटाळून म्हणाल्या, "डोकं त्याहीच्याकडे करा. मायच्या मांडीवर डोकं ठेवते का पाय?" झालं. तशीच टाकली.

परीक्षेच्या मुलींनी अंग पुसून दिलं. साडी सौ. ची.

२ सप्टेंबर, मंगळ.

सकाळी गेलो तर शोभाताई भिंतीला टेकून घोरत होत्या, आणि अंजनाबाई जाग्या, नजर समईवर. महालक्ष्म्या असतात तोवर समई विझू द्यायची नसते. म्हणाल्या, "दुखनं झोपू देत नाई. म्हनलं तुमी झोपा, मी पाहते." तेल संपत आलं की गजाननला हाक मारायच्या. म्हातारीच्या चेहऱ्यावर असा काही तोरा होता, कामावर रुजू झाल्यासारखा.

दुपारी निरोप. दोरे बांधले. उमरेडचं सूत. शोभाताईंनी अंजनाबाईंच्या गळ्यात स्वतः घातला. मुखवट्यांवर अक्षता टाकताना म्हणाल्या, "पुढच्या साली नव्या घरी या." मग पलंगाकडे बघून, "तू बी ये." सावनेरहून? खुब्याच्या हाडावर? पण म्हणाल्या, आणि अंजनाबाई "येते" म्हणाल्या.

मुली परीक्षा देऊन गेल्या. जाताना पाया पडल्या. पेपर बरा गेला.

संध्याकाळी झाडे साहेब घरी. चहा घेतला नाही, तेव्हाच समजलो. कोणीतरी फोटो काढलाय, महालक्ष्म्यांसमोर पट्टी बांधलेली बाई खाटेवर. लेआउटच्या मोबाईल ग्रुपवर टाकला. कोणी लिहिलं, असं मंदिर गावोगाव हवं. कोणी लिहिलं, देवाची खोली आहे का धर्मशाळा, पेशंटला काही झालं असतं तर केस कोणावर?

"पराते, मी विरोधात नाही. पण उद्या काही झालं तर जबाबदार कोण? रविवारी बैठक. तोवर नवा माणूस घेऊ नका."

"अंजनाबाई?"

"त्यांना कोण काढतंय? मी माणूस नाही का?"

खरं आहे. माणूस आहे. त्यामुळेच त्याचं बोलणं जास्त लागलं. या खोल्या बंद झाल्या तर मी सकाळी उठून करू काय, हा एक प्रश्न. आणि तो वॉर्डबॉय लोकांना कोणाचं नाव सांगेल, हा दुसरा.

५ सप्टेंबर, शुक्र.

अंजनाबाईंना घरोघरून डबे. कोणी सांगितलं नाही, कोणी वाटून घेतलं नाही, तरी एकाही वेळी दोन डबे एकत्र आले नाहीत. ग्रुपवर खोलीविरुद्ध लिहिणाऱ्या बाईचाही आला, भरलं वांगं. सौ. ने डबा ओळखला. आम्ही दोघं हसलो.

अंजनाबाई चार पावलं चालल्या, दांडी धरून. ती दांडी मी बसवलेली आहे. सौ. म्हणे, माहीत आहे, झोपेतही तेच सांगता.

७ सप्टेंबर, रवि.

रात्री ग्रहण, दुपारपासून मंदिर बंद, म्हणून बैठक सकाळीच. शेड भरली. गणपतीच्या मीटिंगला इतके येत नाहीत.

एकाने मुद्दा मांडला, मंदिर पूजेसाठी, राहायला लॉज आहेत. दुसरा म्हणाला, निदान आजारी माणूस नको. तिसरा म्हणाला, माझ्या मुलीच्या लग्नात माझे साडू याच खोलीत राहिले, तेव्हा कोणी बोललं नाही. आवाज वाढले. झाडे साहेबांनी मला उभं केलं.

"पराते, चूक तुमची होती का?"

"होती. तारखेची होती. खोलीची नव्हती."

बाया टाळ्या वाजवायला लागल्या. शोभाताईंनी नाही वाजवल्या. उठून इतकंच म्हणाल्या, "माह्या महालक्ष्म्या तिथं बसल्या. त्याहीले काई तरास झाला असता तं मले समजलं असतं." आणि बसल्या.

निर्णय झाला नाही. नवरात्रानंतर सर्वसाधारण सभा. अंजनाबाई उद्या जातील, मग सभेपर्यंत खोल्या कुलूपबंद. चाव्या माझ्याकडेच, पण कोणालाही हो म्हणायचं नाही. मी मान्य केलं, सही केली.

घरी येऊन काही जेवलो नाही. लेआउट माझ्या बाजूने बोललं, हे डोळ्यांनी पाहिलं, याचा अभिमान आहे. खोल्या बंद आहेत, हेही आहे. दोन्ही एकदम आहे.

संध्याकाळी साडेसहा वाजता फोन. अनोळखी नंबर. रामटेककडचा एक माणूस. बायकोला दवाखान्यात भरती केलंय, आत थांबू देत नाहीत, बरोबर दोन वर्षांची पोरगी आहे, झोपेला आलीय. नंबर गजाननने दिला. "काका, म्हंतेत तुमच्याकडून कोनी वापस जात नाई."

हो निघेना, नाही निघेना. सही माझी आहे कागदावर.

सौ. ने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"कोन बोलून राहिलं जी? ... हौ. ... जिना चढता येते ना तुमाले? ... या मंग. मंदिराच्या समोरचं घर, वरचा माळा. कोनीबी सांगते."

फोन ठेवला. मी म्हटलं, बैठकीत ठरलंय.

"खोलीचं ठरलं. माह्या घराचं कोनी ठरवलं?"

ग्रहणाचे वेध लागले होते. लग्न झाल्यापासून या बाईने वेधात चूल पेटवलेली मी पाहिली नाही, तापाने फणफणलेल्या माझ्यासाठीसुद्धा नाही.

उठली, पातेल्यात डाळ-तांदूळ धुऊन टाकले आणि गॅस लावला. पोरगी दोन वर्षांची हाय, म्हणाली, खिचडी मऊ लागन.